गावातील कसबी माणसे शाळेत शिकवतील काय?



या सदरात आम्ही एरवी बेणे, लागण, खते, पाणी आणि खोडवा यांबद्दल लिहितो. या अंकात विषय जरा निराळा आहे. पण तो शेवटी आपल्या बेणेमळ्यापर्यंत येऊन पोचतो, तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

गेल्या हंगामाचे गळीत संपल्यावर, मार्चमध्ये, आम्ही दोन दिवस भाईंदरला चुलत बंधूंकडे गेलो होतो. पश्चिम रेल्वेवर दहिसर सोडले की मीरा रोड, मग भाईंदर आणि पुढे वसईची खाडी. १९८५ साली येथे नगरपालिका झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर गेली. त्यांत आपल्याकडचीही माणसे आहेत. कुणाचा भाऊ, कुणाचा पुतण्या तिकडे खोली घेऊन राहतो. आमचे बंधू पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात पॉलिशचे काम करतात. काम कौशल्याचे आहे. चाकावर भांडे किती दाबायचे आणि कधी उचलायचे हे हाताला कळावे लागते. जरा जास्त दाबले तर पत्रा तापून डाग पडतो.

पुतण्या नववीला आहे. त्याला आम्ही सहज विचारले, "तुझे वडील नेमके काय काम करतात?" तो म्हणाला, "कंपनीत आहेत." पुढे काही सांगता येईना. वीस वर्षे बाप त्या चाकापुढे उभा आहे, पण पोराने ते चाक पाहिलेले नाही.

यावर शहरातल्या पोरांना हसण्याचे कारण नाही. आपल्याच गटातल्या नववीतल्या मुलाला उसाची कांडी हातात देऊन विचारा, "यातला शेंड्याकडचा भाग कोणता आणि बुडख्याकडचा कोणता?" उत्तर येते का ते पाहा. आम्ही विचारून पाहिले आहे. त्याविषयी पुढे लिहू.

बंधूंच्या शेजारी एक शिक्षिका राहतात. त्या उत्तनच्या बाजूला एका शाळेत गणित-विज्ञान शिकवतात. आम्ही शेतीखात्यातले म्हटल्यावर म्हणाल्या, "उद्या आमच्या मुलांना एक कोळी आजोबा शिकवायला येणार आहेत. तुम्ही या बघायला." आम्ही गेलो.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाताना मुर्धा, राई, मोर्वा ही जुनी गावे लागतात. या भागात पूर्वी मिठागरांचा पसारा मोठा होता, आता बराच आटला आहे. मिठाचे काम आपल्या साखरेच्या भावकीतलेच म्हणायला हरकत नाही. आपण रस ब्रिक्समध्ये मोजतो, ते खारे पाणी बॉमेमध्ये मोजतात. भरतीचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हाने दाट करायचे आणि साधारण २५ अंश बॉमे झाले की मीठ धरू लागते. जुना आगरी माणूस मापकाशिवाय नुसत्या पाण्याच्या रंगावरून हे सांगतो. असो. उत्तनला पोचल्यावर प्रथम नाकाला बोंबलाचा वास आणि मग डोळ्यांना बांबूच्या मांडवांवर वाळत टाकलेल्या बोंबलांच्या रांगा.

आजोबा सत्तरीच्या पुढचे. शाळा चौथीपर्यंत. वर्गात यायला ते प्रथम तयार नव्हते, असे बाईंनी सांगितले. "आम्ही अडाणी, पोरांना काय शिकवणार?" हे त्यांचे पहिले वाक्य. दुसरे वाक्य, "शिकवायचंच असेल तर पोरांना किनाऱ्यावर आणा, मी भिंतीत बोलणार नाय." म्हणून तास किनाऱ्यावर भरला.

त्या दिवशी षष्ठी होती. आजोबांनी विचारले, "आज पाणी किती वाजता पुरं भरंल?" मुले मोबाइल काढायला लागली. आजोबांनी हात वर केला. "तिथी किती? सहा. सहाची पाऊणपट किती?" मुले गप्प. एका मुलीने वहीत भागाकार-गुणाकार करून साडेचार सांगितले. "मग साडेचारला भरंल. पहाटे पण आणि आता पण."

हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्यावरचे कोळी लोक पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. डोलीचे जाळे भरती-ओहोटीच्या ओढीत रोवलेले असते. पाणी कधी फिरणार हे कळले नाही तर मासळी जाते आणि जाळेही जाते. तेव्हा हा हिशेब म्हणजे हौस नव्हे, पोटाचा प्रश्न आहे.

आपल्या वयस्क सभासदांना पाऊणकी आठवत असेल. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी अशी पाढ्यांची रांगच असे आणि संध्याकाळी दिवेलागणीला ती घोकावी लागे. ती शाळेतून गेली त्याला बरीच वर्षे झाली. गेली म्हणून आम्ही अश्रू ढाळणार नाही. पण ती कुठे उपयोगी पडते हे दाखवणारा माणूस समोर उभा असला, तर पोरे तासाभरात पाऊणकी तयार करतात हे आम्ही त्या दिवशी पाहिले.

मुलांनी वाळूत काठ्या रोवल्या आणि पाणी कुठवर येते ते पाहत बसली. साडेचार वाजले. पाणी अजून चढत होते. पुरे भरायला आणखी साधारण वीस मिनिटे लागली. एक पोरगा धीट होता. तो म्हणाला, "आजोबा, चुकलं तुमचं."

आमच्या मते खरा धडा येथून सुरू झाला. बाई पुढे झाल्या आणि त्यांनी वाळूवरच काठीने मांडले. महिन्याच्या तिथी ३०. तेवढ्यात चंद्र सूर्याच्या मानाने पूर्ण एक फेरी मागे पडतो, म्हणजे २४ तास. २४ तासांची मिनिटे १४४०, त्यांना ३० ने भागले की प्रत्येक तिथीला ४८ मिनिटे. आजोबांची पाऊण तासाची मिनिटे ४५. म्हणजे तिथीमागे तीन मिनिटांची तूट. सहा तिथींना १८ मिनिटे. वीस मिनिटे उशीर का झाला ते पोरांनी स्वतः काढले. मग त्या धीट पोराने पुढचे विचारले, "मग पुनवेला तर सव्वाअकराच येणार. भरती बाराला असते ना?" आजोबा हसले. "पुनवेला गणित कोण करतो? चांद डोक्यावर आला की पाणी भरलं."

या एका तासात काय काय झाले पाहा. अपूर्णांक झाला, भागाकार झाला, चंद्राची गती झाली आणि सोपा नियम वापरताना किती चूक पदरात घ्यावी लागते हेही झाले. हे शेवटचे तर आम्हांला पदविकेच्या दोन वर्षांत कुणी नीट शिकवले नव्हते. आजोबांना ४८ मिनिटांचे ठाऊक नव्हते आणि बाईंना पाऊणकीचा नियम महिन्यापूर्वी ठाऊक नव्हता. दोघांपैकी एकटे कोणीही हा तास घेऊ शकले नसते.

बाईंनी त्याची तयारी कशी केली तेही आम्ही विचारून घेतले. त्या आधी दोनदा आजोबांच्या घरी जाऊन बसल्या होत्या. जाळे विणताना ते काय बोलतात ते ऐकले. त्यांतले शाळेच्या पुस्तकाला जोडता येईल असे एकच काम निवडले. पंचांग पाहून असा दिवस काढला की भरती शाळेच्या वेळेत यावी. ही मेहनत बाहेरून दिसत नाही.

परत आल्यावर हा विषय डोक्यातून जाईना, म्हणून पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे आम्ही मुद्दाम जाऊन आलो. तेथे हेच काम एखाद्या तासापुरते नव्हे, तर चाळीसहून अधिक वर्षे पद्धतशीर चाललेले आहे.

डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग हे मूळचे अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, नंतर म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि पुढे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात नोकरी. ती सोडून त्यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम काढला. पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन या संस्थेचे ते केंद्र. पाबळ म्हणजे कोरडवाहू टापू. तेथून उसाचा पट्टा फार लांब नाही, पण पाण्याचा फरक मोठा. कलबागांचे म्हणणे असे की माणूस करता करता शिकतो, तेव्हा शाळेने गावाच्या गरजेची कामे करावीत आणि त्या कामांतून विज्ञान शिकवावे. २००३ साली ते वारले. काम चालू आहे.

त्यांनी तयार केलेल्या कार्यक्रमाचे नाव 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख'. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करायचे. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मुलगे आणि मुली दोघांनीही चारही विभागांत काम करायचे. मुलग्यांना वेल्डिंग आणि मुलींना शिवण अशी वाटणी नाही, हे आम्हांला फार आवडले. १९८७ साली राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने हा विषय मान्य केला आणि पुढे तो इतर गावांच्या शाळांतही गेला.

शिकवणारा कोण, हा त्यातला कळीचा मुद्दा. पदवी-बीएड झालेला शिक्षक मिळाला तर त्याला वेल्डिंग येत नाही, आणि ज्याला येते त्याच्याकडे पदवी नाही. पाबळने यातून वाट काढली ती अशी की गावात किंवा जवळपास जो माणूस ते काम करून पोट भरतो आहे, त्यालाच निदेशक म्हणून घ्यायचे. आठवड्याचा एक दिवस त्याने शाळेला द्यावा, बाकीचे दिवस आपला धंदा करावा. आश्रमात वर्षभराची ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका आहे आणि ती केलेल्यांतलेही काही जण पुढे असे निदेशक झाले.

दुसरी गोष्ट अशी की मुलांनी केलेले काम खरे असले पाहिजे. फेरोसिमेंटची टाकी करायची ती पाणी साठवण्यासाठी, प्रदर्शनात मांडण्यासाठी नव्हे. माती-पाण्याची तपासणी, रक्तगट आणि हिमोग्लोबिन पाहणे, घरातली वायरिंग अशी कामे मुले शिकतात, आणि ज्याचे काम केले त्याच्याकडून माफक पैसे घेतात. ज्याने पैसे मोजले तो टाकी गळली तर तक्रार करतो. आणि तक्रार आली की पोरगा पुढच्या वेळी सिमेंट-वाळूचे प्रमाण बरोबर मोजतो.

आता आमच्या स्वतःच्या फजितीबद्दल. हे लिहिले नाही तर लेख अर्धा राहील.

भाईंदरला जाण्याच्या आदल्या वर्षी आम्हीही आपल्या कार्यक्षेत्रातील एका हायस्कुलात 'प्रगतशील शेतकरी आपल्या भेटीला' असा कार्यक्रम घेतला होता. एकरी शंभर टनांच्या घरात गेलेले एक सभासद आम्ही नेले. शाळेने स्वागत जोरात केले. फेटा, शाल, नारळ झाला. प्रास्ताविक झाले, परिचय झाला, आमचेही भाषण झाले. हे सर्व होईस्तोवर पाऊण तास गेला. मग आमचे सभासद उभे राहिले. रानात तासन् तास बोलणारा हा माणूस, पण माईक पाहून घसा बसला. "चांगलं शिका, आई-बापाचं नाव काढा" एवढे बोलून ते खाली बसले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना गाडीत ते म्हणाले, "साहेब, मला उसात उभं करायचं होतं की हो." दोष सर्वस्वी आमचा होता. माणूस नेला, पण त्याचे काम नेले नाही. त्याच दिवशी आम्ही काही मुलांना कांडीचा शेंडा-बुडखा विचारला होता. चाळीसांतल्या पाच-सहांना सांगता आला.

उत्तन आणि पाबळ पाहून आल्यावर आम्ही तीच शाळा, तोच वर्ग आणि तेच सभासद घेऊन पुन्हा प्रयत्न केला. या वेळी ओळीने तीन शनिवार आणि जागा त्यांच्या बेणेमळ्याच्या बांधावर. विज्ञानाचे शिक्षक बरोबर. फेटे नाहीत.

काम ठेवले एक डोळा रोपवाटिकेचे. बेणे दहा महिन्यांचे घेतले. बेणेप्रक्रियेतली कीटकनाशके आणि बुरशीनाशके मुलांच्या हाती द्यायची नाहीत हे आम्ही पहिल्यापासून ठरवले होते. कोयताही दिला नाही, हाताने दाबायचे डोळे काढण्याचे यंत्र दिले. प्रत्येक चार मुलांत ४२ कप्प्यांचा एक ट्रे. कोकोपीट भरायचे, डोळा वर येईल असा ठेवायचा, झाकायचे आणि पाणी बेताने घालायचे. आमच्या सभासदांना बोलायला सांगावेच लागले नाही. हात चालू झाले की तोंड आपोआप चालू झाले.

वर्गात एक मुलगा ऊसतोडणीच्या टोळीबरोबर आलेला होता. हंगामापुरता दाखल केलेला, शेवटच्या बाकावर बसणारा. शिक्षकांनी आम्हांला आधीच सांगितले होते, "त्याला काही येत नाही, त्याच्याकडे लक्ष देऊ नका." यंत्र हाती आल्यावर बाकीची पोरे कांडी उलटसुलट करीत होती. हा पोरगा डोळा सडलेला की निरोगी हे नुसते अंगठा फिरवून सांगत होता आणि किडका डोळा बाजूला टाकत होता. आमच्या सभासदांनी ते पाहिले आणि म्हणाले, "ए बाळ, हिकडं ये. तू यांना दाखव." त्या शनिवारी उरलेला तास त्यानेच घेतला. पुढे टोळी गावी परतली आणि पोरगाही गेला. त्याच्या नावापुढे हजेरीपटावर काय लिहिले गेले ते आम्हांला माहीत नाही. साखरशाळा निघाल्या, त्यांवर पुष्कळ लिहिले गेले, पण ही मुले काय जाणतात हे विचारण्याचे आपल्यापैकी किती जणांना सुचले?

तिसऱ्या शनिवारी उगवण मोजली. एका ट्रेत ४२ पैकी ३१. शेकडा किती ते मुलांनी काढले, ७४ च्या आत-बाहेर आले. दुसऱ्या ट्रेत त्याहून बरीच कमी. का? मग शोध सुरू झाला. एका गटाने बुडख्याकडचे जुने डोळे घेतले होते. एकाने पाणी इतके घातले होते की खाली चिखल झाला. एकाने निम्मे डोळे तोंड खाली करून ठेवले होते. पुस्तकात 'बेणे शेंड्याकडचे कोवळे व रसरशीत वापरावे' असे एक वाक्य असते. ते का असते हे त्या गटाला आता जन्मभर सांगावे लागणार नाही. पुढे एकरी किती रोपे लागतील हेही मुलांनी काढले. एकराचे चौरस फूट ४३,५६०, सरी पाच फुटांची, रोप दोन फुटांवर, तेव्हा ४,३५६ रोपे. आणि ७४ टक्केच उगवली तर डोळे किती लावावे लागतील, हा प्रश्न एका मुलीने आपणहून विचारला.

आता आक्षेप. गटसभेत आम्ही हे सांगितले तेव्हा एक सभासद उठून म्हणाले, "साहेब, आम्ही पोरगं शाळेत घातलं ते ह्या चिखलातनं भाईर पडावं म्हणून. तुम्ही शाळेतच चिखल नेताय." सभेत हशा झाला, पण आम्हांला हसू आले नाही. त्यांचे दुखणे खरे आहे. वाटण्या होऊन एकराचे गुंठे झाले, लिफ्टचे बिल भरून हाती काय उरते ते त्यांनाच ठाऊक. मुलाला शेतकरीच करा असे आम्ही म्हणत नाही. उत्तनची ती धीट पोरे मासेमारी करतीलच असे नाही, त्यांतला एखादा वेधशाळेतही जाईल. पण हातातल्या कामाचे गणित मांडता येणे आणि चूक कुठे झाली ते शोधता येणे हे कुठल्याही धंद्यात लागते. शिवाय आमचा पुतण्या आणि आपली पोरे यांना आई-बाप काय करतात हे माहीत नसावे, यात आपण कसली प्रगती मानतो?

दुसरा आक्षेप शिक्षकांकडून आला. "कार्यानुभवाचा तास असतोच की." असतो. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य असे नाव दिले. नावे चांगली होती. पण पुष्कळ ठिकाणी त्या तासाला शेवटी कागदाची फुले आणि थर्मोकोलचा किल्लाच झाला, कारण शिकवणाऱ्याला ते काम येत नव्हते आणि ज्याला येत होते तो शाळेच्या फाटकाबाहेर होता. आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना गावातल्या सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ काम शिकावे असे म्हटले आहे. केंद्र सरकारची विद्यांजली योजना २०१६ साली निघाली. सप्टेंबर २०२१ पासून तिच्या नव्या रूपात शाळा आपली गरज नोंदवू शकते आणि स्वयंसेवक आपले नाव देऊ शकतो. तेव्हा नियम आडवा येतो असे आता कुणी म्हणू नये. मुख्याध्यापकांची परवानगी आणि तासाला शाळेचा शिक्षक हजर, या दोन गोष्टी मात्र हव्यातच. मुलांच्या सुरक्षेसाठीही हव्यात आणि धड्यासाठीही.

आमच्या नजरेसमोर काही माणसे आहेत. गुऱ्हाळे बंद पडत गेली तसे जुने गुळवे बोटांवर मोजण्याइतके राहिले. गूळ उतरवण्याची वेळ गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी होते का ते पाहून सांगतो. तापमापकावर ती वेळ सुमारे ११८ अंश सेल्सिअसला येते. गुळव्या आणि तापमापक एका कढईपाशी आणून मुलांना दोन्ही एकदम दाखवता येतील, पण ते अजून थोडी वर्षेच. गवंडी भिंतीचा कोपरा काटकोनात धरताना दोरीवर तीन, चार आणि पाच फूट मोजतो. भूमितीतला पायथागोरस तो रोज वापरतो, फक्त त्याला नाव माहीत नाही. मोटार भरणारे, कृत्रिम रेतन करणारे, तोडणीच्या टोळीतल्या मोळी बांधणाऱ्या बायका, आणि आमच्या प्रयोगशाळेत ब्रिक्स काढणारे कामगारही आहेत. हातातल्या ब्रिक्समापकाने उसाच्या शेंड्याचा आणि बुडाचा ब्रिक्स काढून त्यांचे प्रमाण पाहिले की ऊस पक्व झाला की नाही ते कळते. शेंडा १५ आणि बूड १९ असेल तर थांबा, दोन्ही जवळजवळ सारखे झाले की तोड घ्या. हे सातवीच्या मुलालाही जमेल. आणि त्याने घरी जाऊन बापाला सांगितले तर कोवळा ऊस तुटून उतारा घसरण्याची आमची जुनी डोकेदुखीही थोडी कमी होईल. यात आमचा स्वार्थ आहे, तो लपवत नाही.

एक मुद्दा पैशाचा. स्वयंसेवक म्हटले की फुकट, असे आपण धरतो. बागायतदार सभासदाला एक शनिवार देणे जड नाही. वेल्डर किंवा गवंडी आला तर त्याची त्या दिवसाची हजेरी बुडते. त्याने फुकट यावे असे म्हणणारे आपण कोण? हजेरी आणि जाण्यायेण्याचा खर्च शिक्षण निधीतून द्यावा असा प्रस्ताव आम्ही संचालक मंडळापुढे ठेवला आहे. मंजूर झाल्यास पुढील अंकात कळवू. तोवर ऊस विकास विभाग रोपांचे ट्रे, कोकोपीट आणि दोन ब्रिक्समापक शाळांना वापरायला देईल. वापरून झाल्यावर ते पुसून परत करावेत, ही विनंती.

ज्यांना एखादे काम चांगले येते आणि जे वर्षातून ओळीने तीन शनिवार देऊ शकतील, त्यांनी आपले नाव, गाव आणि काम गट कार्यालयात शेती मदतनिसाकडे लिहून द्यावे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे, तो लिहून घेईल. भाषण करावे लागणार नाही. शाळांनी आपल्याला कोणत्या इयत्तेसाठी आणि पुस्तकातल्या कोणत्या धड्याच्या जोडीला माणूस हवा आहे ते कळवावे आणि आधी एकदा त्या माणसाच्या घरी जाऊन बसायची तयारी ठेवावी. पहिली यादी लागणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी करायची आहे, म्हणजे बेणेमळे तयार असतील.

— ऊस विकास अधिकारी